बगदाद सुंदर दिसतं, पण तिथे करायचं काय?

आपल्या मोहल्ल्यात व्हिडिओ गेमवर गंभीर चर्चा दोनच वेळा होते. एक, बारावीचा निकाल खराब लागला की. दोन, एखाद्या गेममध्ये इस्लामचा अवमान झाल्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की. पहिल्या वेळी मोबाइल काढून घेतला जातो, दुसऱ्या वेळी बहिष्काराचं आवाहन होतं. आठवड्याभरात दोन्ही थंड होतं आणि पोरं परत लॉबीत हजर.

दुसऱ्या प्रकारचं ठळक उदाहरण २०२१चं. त्या वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: व्हॅनगार्ड’च्या झोम्बी मोडमध्ये कुरआनची पानं जमिनीवर पडलेली दिसली. लोक संतापले, आणि तो संताप रास्त होता. अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने अरबीतून माफी मागितली, पानं काढून टाकली, विषय मिटला. आपण जिंकलो असं अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि जमिनीवरचं चित्र बदलणं हे गेममधलं सगळ्यात स्वस्त काम असतं हे मला ठाऊक आहे. एक फाइल काढायची, दुसरी ठेवायची. कंपनी ज्याला सहजासहजी हात लावत नाही ते असतं खेळाच्या नियमांत. कुणावर गोळी झाडता येते आणि कुणावर नाही, कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, काय केलं की बक्षीस मिळतं आणि काय केलं की ‘मिशन फेल’. सिनेमा आपण बघतो, गेम आपण करतो. म्हणून गेममध्ये काय दाखवलंय एवढं विचारून भागत नाही. तो माझ्या हातांकडून काय करवून घेतो, हे विचारावं लागतं.

याच मालिकेकडे त्या नजरेने बघा. २०१९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये ‘हायवे ऑफ डेथ’ नावाचं एक मिशन आहे. खरा हायवे ऑफ डेथ म्हणजे कुवेतहून इराककडे जाणारा रस्ता. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघारी निघालेल्या इराकी ताफ्यावर अमेरिका आणि मित्रदेशांच्या विमानांनी तिथे बॉम्ब टाकले. जळून कोळसा झालेल्या गाड्यांच्या रांगांचे फोटो तेव्हा जगाने पाहिले. गेमने हा रस्ता उचलून उर्झिकस्तान नावाच्या काल्पनिक देशात नेला आणि हल्ला रशियनांनी केला असं एका पात्राच्या तोंडून सांगितलं. नाव तेच ठेवलं, गुन्हेगार बदलला. गेमच्या जगात यावर बरीच टीका झाली. आमच्या ग्रुपांवर मात्र मला एक ओळही दिसली नाही, कारण जमिनीवर पडलेलं असं काही त्यात नव्हतं.

२०२२च्या ‘मॉडर्न वॉरफेअर २’ची पहिलीच कामगिरी एका इराणी जनरलला क्षेपणास्त्राने उडवण्याची आहे. जानेवारी २०२० मध्ये बगदादमध्ये कासिम सुलेमानींना अमेरिकी ड्रोनने मारलं, त्याची ही आठवण आहे हे कुणालाही कळावं. इथे क्षेपणास्त्राला दिशा द्यायचं काम तुमच्या बोटांकडे आहे. नकार द्यायची सोय नाही, ते पडल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. आणि २०२४चा ‘ब्लॅक ऑप्स ६’ थेट १९९१च्या आखाती युद्धात जातो. इराकच्या वाळवंटाचा मोठा मोकळा नकाशा देतो आणि स्कड क्षेपणास्त्रांचे तळ शोधून नष्ट करायला सांगतो. त्या मिशनचं नाव ‘हंटिंग सीझन’, म्हणजे शिकारीचा हंगाम. ज्या कुवेतच्या सुटकेसाठी ते युद्ध लढलं गेलं, त्याच कुवेतमध्ये हा गेम विक्रीला आला नाही.

या गेम्समध्ये अरबी भाषेला एक ठरलेलं काम दिलेलं आहे. भिंतीपलीकडून अरबीत ओरडणं ऐकू आलं की शत्रू तिकडे आहे हे समजायचं. आमच्या धंद्यात याला सिग्नल म्हणतात. संध्याकाळी मकतबमध्ये कायदा समोर ठेवून ज्या भाषेची अक्षरं गिरवली, रात्री हेडफोनमध्ये त्याच भाषेचा आवाज आला की बंदूक तिकडे वळवायची, अशी सवय आपल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलांना लागते आहे. मी कुणाच्या ईमानावर शंका घेत नाही, आणि गेम खेळून कुणी खुनी होतो असंही मला म्हणायचं नाही. सवय लागते, इतकंच. हा सिग्नल अपडेटने निघत नाही, कारण संपूर्ण मिशन त्याच्यावर उभं असतं.

‘सिक्स डेज इन फलुजा’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. हा गेम २००९ मध्ये जाहीर झाला, वाद झाला, प्रकाशक कोनामीने अंग काढून घेतलं. २०२१ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि जून २०२३ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आला. विषय नोव्हेंबर २००४ची फलुजाची लढाई. याच लढाईत पांढरा फॉस्फरस शस्त्र म्हणून वापरल्याचं अमेरिकी लष्कराने पुढच्या वर्षी मान्य केलं होतं. या गेमचं सर्वांत गाजवलेलं तंत्र असं की प्रत्येक वेळी खेळताना घरांची रचना नव्याने तयार होते. खोली कुठे, जिना कुठे, काही ठरलेलं नाही. सैनिकाला दारामागे काय आहे हे माहीत नसतं, ते खेळाडूला जाणवावं म्हणून. तंत्र म्हणून मला याचं कौतुक आहे, असं काही लिहिणं सोपं नसतं. पण त्या नियमाचा अर्थ बघा. आत शिरणाऱ्यासाठी घर दर वेळी बदलतं, म्हणजे ते कुणाचंच घर राहत नाही. तिथे वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी बाई, जिन्याची कुठली पायरी करकरते हे अंधारात ओळखणारा पोरगा, यांना या नियमात जागाच नाही.

इथवर बहुतेकांना पटेल. आता ज्या गेमबद्दल आपल्याकडे फक्त वाहवा झाली त्याच्याकडे येतो.

युबिसॉफ्टच्या बोर्दो स्टुडिओचा ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आला. काळ नवव्या शतकाचा, शहर अब्बासी बगदाद. पहिल्यांदा छतावर चढून तो नजारा पाहिला तेव्हा मी बराच वेळ काहीच केलं नाही. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये वसवायला घेतलेलं वर्तुळाकार शहर, दजला नदी, बाजारातलं कापड, कागद, मसाले, आणि वरून येणारी अजान. गेममधली अजान म्हणजे आता गोळीबार सुरू होणार, या सवयीला ती साधी, रोजची अजान ऐकणं किती वेगळं वाटतं हे खेळलेल्यालाच कळेल. पूर्ण अरबी डबिंग आहे. इतिहासकारांचा सल्ला घेतलेला आहे. शहरात ठिकठिकाणी थांबलं की त्या काळाबद्दलच्या छोट्या नोंदी उघडतात, सोबत संग्रहालयांतल्या वस्तूंची चित्रं. अब्बासी काळाबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात जेवढं होतं त्याहून जास्त या नोंदींत आहे. शाळेच्या पुस्तकात मुळात एक परिच्छेदही नव्हता म्हणा.

आणखी एका गोष्टीचं श्रेय देतो. आपण ‘सुवर्णयुग’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. मिराजमध्ये अली इब्न मुहम्मद भेटतो, ज्याने पुढे ८६९ मध्ये बसऱ्याजवळच्या खाऱ्या दलदलीत राबणाऱ्या गुलामांना सोबत घेऊन झंज उठाव केला. चौदा वर्षं चाललेला तो उठाव अब्बासी सैन्याने मोडून काढला. या गेममध्ये तो नायकाच्या बाजूचा आहे. सुवर्णयुगाच्या शहरात गुलामीही होती, हे आपल्या जलशांतल्या भाषणांत सांगायचं राहून जातं. फ्रेंच कंपनीच्या गेमने ते सांगितलं.

तर बगदाद दिसायला सुंदर आहे. पण त्या बगदादमध्ये मी करतो काय? खिसे कापतो. भिंती चढतो. गवतात लपून पहारेकऱ्याची वाट बघतो आणि मनगटाखालची लपवलेली सुरी खुपसतो. बदनामी वाढली की भिंतीवरची माझी चित्रं फाडतो, नाहीतर मुनादी करणाऱ्याला लाच देतो. त्या शहरातल्या माझ्या सगळ्या क्रिया या एवढ्याच. बैतुल हिक्मा, जिथे यूनानी, सिरियाक, फारसी ग्रंथ अरबीत आले अशी त्याची ख्याती, ते ज्ञानगृह या गेममध्ये आहे आणि अप्रतिम रंगवलंय. पण मी तिथे जातो तो एका खुनाच्या मागावर. तिथला एक मोठा विद्वान खलनायक आहे, त्याला संपवलं की तो अध्याय संपतो. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ग्रंथालयांपैकी एकात शिरल्यावर पुस्तकांच्या मांडणीचा मला उपयोग काय, तर पहारेकऱ्याच्या नजरेआड राहायला आडोसा.

गोष्टीची सुरुवातही तशीच. खलिफा मुतवक्किल ८६१ मध्ये मारला गेला हा इतिहास आहे. तेव्हा राजधानी समर्‍यात होती आणि त्याला मारलं त्याच्याच तुर्की रक्षकांनी. दरबार, लष्कर आणि वारसा यांच्या ओढाताणीतून झालेला तो खून होता, आणि त्याने पुढच्या दशकभराच्या गोंधळाला तोंड फुटलं. गेममध्ये मात्र बासिम नावाचा एक चोर राजवाड्यात शिरतो आणि त्या चोरीच्या रात्रीत खलिफा मरतो. एका साम्राज्याला हादरवणारं राजकारण एका फसलेल्या चोरीत आटोपलं.

‘अरे, गेमचं नावच असॅसिन आहे, मग तिथे काय तर्जुमा करायचा का?’ असं माझे मित्र म्हणतात. मुद्दा चुकीचा नाही. पण याच युबिसॉफ्टने याच मालिकेत ‘डिस्कव्हरी टूर’ नावाचा प्रकार केला होता. २०१८ मध्ये प्राचीन इजिप्त, २०१९ मध्ये ग्रीस, २०२१ मध्ये व्हायकिंग काळातलं इंग्लंड. तोच नकाशा, तीच शहरं, पण लढाई पूर्ण बंद. माणसाने फिरायचं, बघायचं, ऐकायचं. शिक्षकांनी वर्गात वापरावं म्हणूनच तो केला होता. बगदादच्या वाट्याला तो आला नाही, त्याला फक्त वाचायच्या नोंदी मिळाल्या. यात मला इस्लामद्वेष दिसत नाही. मिराज हा मुळात आधीच्या गेमला जोडायचा भाग म्हणून सुरू झालेला, त्यामुळे आकाराने आणि खर्चाने लहान. बजेटमध्ये बसलं नसणार. पण ग्रीसमध्ये न मारता फिरता येतं आणि बगदादमध्ये येत नाही, हे त्या बजेटचं फलित आहे, आणि ते मुलांच्या हातात तसंच पडतं.

आणि तर्जुम्याचा गेम होतच नाही असं कोण म्हणतं? मिराजच्या बरोबर एक महिना आधी, त्याच फ्रान्समधून, तूलूझच्या रंडिस्क या छोट्या स्टुडिओचा ‘चँट्स ऑफ सेनार’ आला. एक उंच मनोरा आहे, त्याच्या प्रत्येक मजल्यावर वेगळे लोक आणि वेगळी लिपी. एकमेकांशी त्यांचा संवाद तुटलेला. खेळाडूने चिन्हं बघायची, लोकांच्या हावभावांवरून अर्थ लावायचा, वहीत टिपायचं, चुकलं तर खोडायचं आणि शेवटी एका मजल्याचं बोलणं दुसऱ्या मजल्याला समजेल असं करून द्यायचं. चार-पाच चिन्हं एकदम जुळतात तेव्हा जी उसळी येते ती कुठल्याही हेडशॉटने मला दिलेली नाही. त्यात बगदादचं नावही नाही. पण बैतुल हिक्मामध्ये बसून माणसं काय करत असतील याचा अंदाज मला त्या गेमने दिला, मिराजने नाही.

मनात येतं, त्याच ज्ञानगृहाशी जोडलेले बनू मूसा हे तीन भाऊ. नवव्या शतकात त्यांनी यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला. आकार बदलणारी कारंजी, स्वतःची वात पुढे सरकवणारा दिवा, आपोआप वाजणारी बासरी. ही तर तयार कोडी आहेत! झडप कुठे बसवायची, पाणी किती भरलं की दुसरी नळी उघडेल, हे जुळवायला लावणारा गेम मी रात्रभर खेळेन. ‘अल्गोरिदम’ हा शब्दच ज्या ख्वारिझमींच्या नावावरून आला ते त्याच शहरात काम करत होते. एवढं सगळं समोर असताना आमच्या हातात सुरी.

आता एक गोष्ट जिच्यावर कधीच स्क्रीनशॉट फिरणार नाही, कारण दिसण्यात ती अगदी निरागस आहे. फुटबॉल. दर सप्टेंबरात ईएचा नवा ‘एफसी’ येतो, आणि मुंब्र्यापासून मिरजेपर्यंत कुठल्याही गेमिंग पार्लरमध्ये तो चालू दिसेल. त्यातल्या ‘अल्टिमेट टीम’मध्ये खेळाडूंचे पत्ते असतात आणि ते मिळतात बंद पाकिटांतून. पाकीट खेळून कमावलेल्या नाण्यांनी घेता येतं, किंवा खऱ्या पैशांनी घेतलेल्या पॉइंट्सनी. आत कोण निघेल ते उघडल्यावर कळतं. मोठ्या नावाच्या पत्त्याची शक्यता किती, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उघडताना दिवे, बोगदा, धडधड. वर्षभराने नवा गेम आला की जमवलेला संघ तिकडे नेता येत नाही, पुन्हा शून्यापासून. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि २०१९च्या सुरुवातीला ईएला तिथे पॉइंट्सची विक्री थांबवावी लागली.

मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण सूरह माइदाच्या ९०व्या आयतीत दारूच्या जोडीने ज्या मैसिरचा उल्लेख आहे ते काय होतं, हे वाचून बघा. जाहिलियतच्या काळातले अरब उंट विकत घेऊन कापत, वाटे करत आणि बाण काढून ते कुणाला जायचे हे ठरवत. काही बाणांवर हिस्से लिहिलेले, काही कोरे. कोरा निघाला की मांस नाही, वर उंटाची किंमत त्याच्याच माथी. पाकिटाशी हे ताडून बघा आणि तुमच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारा. त्यांना ‘गेम हराम आहे का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ते गेम न बघताच देतील. पाकीट कसं उघडतं, ते मोबाइलवर दाखवून विचारा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि रमीच्या जाहिराती गेल्या, तेव्हा आपल्याकडे समाधान व्यक्त झालं. पाकिटांचं नाव कुणी काढलं नाही.

इथे कुणी म्हणेल, गेम कंपन्या आपल्या लोकांच्या हातात आल्या की सुधारेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी आणि दोन अमेरिकी भागीदारांनी हीच ईए ५५ अब्ज डॉलरना विकत घ्यायचा करार जाहीर केला. त्या जाहिरातबाजीत पाकिटं बंद होतील असं एक अक्षर मी वाचलं नाही. ज्या नियमातून पैसा येतो तो नियम मालकाचं नाव बघून बदलत नाही.

नियम बदलतो तो लिहिणारा. नाबलुसच्या रशीद अबू ईदा या पॅलेस्टिनी प्रोग्रॅमरचा ‘लैला अँड द शॅडोज ऑफ वॉर’ हा छोटा मोबाइल गेम २०१६ मध्ये आला. २०१४च्या गाझा युद्धातला एक बाप, त्याची मुलगी. बंदूक नाही, धावायचं आणि लपायचं. अ‍ॅपलने आधी सांगितलं की याला गेम म्हणून ठेवता येणार नाही, बातम्या किंवा संदर्भाच्या विभागात टाका. लोकांनी आवाज उठवल्यावर निर्णय फिरवला. म्हणजे फलुजात घराघरात शिरणं हा गेम, आणि गाझात मुलीला घेऊन पळणं ही बातमी. पुढच्या गेमसाठी अबू ईदांना वर्षानुवर्षं कुणी पैसा देईना. घर चालवायला त्यांनी सुकामेवा भाजायचं दुकान काढलं. शेवटी लाँचगुड या मुस्लिम लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आवाहन केलं आणि २०२५च्या सुरुवातीला दोन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली.

त्या गेमचं नाव ‘ड्रीम्स ऑन अ पिलो’. १९४८चा नकबा, तंतूरा गाव. एक आई घाईत बाळ समजून उशी उचलून पळते, अशी तिथली लोककथा आहे, तिच्यावर तो बेतलाय. त्यातला नियम ऐका. उशी हातात असेल तोवर हात अडकलेले, बऱ्याच गोष्टी करता येत नाहीत. उशी खाली ठेवली तर हात मोकळे, पण भयस्वप्नं मागे लागतात. दुःखाचं एवढं मोठं ओझं एका बटणात बसवलंय. ही कथा मी तुम्हाला सांगितली तर तुम्ही हळहळाल. ते बटण दाबायची वेळ तुमच्यावर आली तर गोष्ट वेगळी होईल.

आमच्याकडे स्टुडिओ नाही, भांडवल नाही, असं म्हणणाऱ्या मुलांना मी मालेगावचं नाव सांगतो. यंत्रमागावर राबणाऱ्या गावात नासिर शेख आणि मंडळींनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा त्यांच्याकडेही काही नव्हतं. गेम बनवायचं गोडो हे इंजिन आज फुकट मिळतं, पूर्ण खुलं आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. विषय शोधायला बगदादला जायची गरज नाही. मागाचाच विचार करा. एक कारागीर, समोर सहा माग, मजुरी मीटरवर. धागा कुठल्या मागावर तुटला हे आवाजावरून ओळखायचं, तो थांबवायचा, सांधायचा, तोवर दुसरीकडची कांडी संपते. रात्रपाळीत वीज जाते आणि सगळे माग एकदम गप्प होतात. तेव्हा खेळाडूच्या हाताला काय द्यायचं? झोप, चहा, की पुढच्या आठवड्याच्या उचलीचा हिशोब? मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी भिवंडी-मालेगावचं पोरगं, पोरगी यावर बसलेली असेल तर तिचा पहिला, अर्धवट, बगांनी भरलेला बिल्ड मला खेळायचाय.